वाजवायचा भोपळा

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या मागल्या कुंपणावर काही वर्षं पुठ्ठ्याची एक पाटी टांगलेली असायची. ‘हा भोपळा वाजवायचा आहे. खायचा नाही. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा ते लिहिलेलं नव्हतं. सेक्रेटरींना वाटायचं चेअरमनचा, चेअरमनना वाटायचं सेक्रेटरींचा, त्यामुळे पाटी टिकली. ती लावणारा माणूस त्या सोसायटीचा माळी होता, आणि माझा मामा होता. यातली दुसरी गोष्ट मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगत नव्हतो.

मामा म्हणजे आईचा चुलत भाऊ. आम्ही वारली, येऊरच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचे. मी शिकलो, ठाण्यात सरकारी कचेरीत चिकटलो आणि खाडीपलीकडे कळव्याला फ्लॅट घेतला. मामा चौथीनंतर शाळेत गेला नाही आणि डोंगर सोडून खाली राहायलाही आला नाही. सकाळी उतरायचा, संध्याकाळी चढायचा. अंगात सोसायटीचा हिरवा युनिफॉर्म, खिशावर सोसायटीचं नाव, आणि त्याच खिशात मधमाशांच्या मेणाचा एक गोळा. तो गोळा तो बोलता बोलता मळत बसायचा, दुसरे लोक तंबाखू मळतात तसा.

मेण तारप्यासाठी. तारपा हे आमचं वाद्य. वाळवलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवायच्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा लावायचा. सगळा खेळ भोपळ्याचा. तो नीट वाकलेला हवा, मान लांब हवी, साल जाड हवी. मामा तसा भोपळा सोसायटीच्या कुंपणावर वाढवायचा. दोरीला दगड बांधून त्याला बाक आणायचा, रोज सकाळी थोडा फिरवायचा, उन्हाची बाजू बदलायचा. एका वर्षी असा तयार होत आलेला भोपळा सहाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी तोडून नेला आणि त्याचे कोफ्ते केले. बाई मनाने चांगल्या. वाटीभर कोफ्ते त्यांनी माळीकाकांनाही पाठवले. मामाने ते खाल्ले, वाटी धुतली, वर नेऊन दिली आणि सांगितलं, ‘ताई, चव चांगली हाय. पण तुमी माझा गळा खाल्लात.’

बाई इतक्या ओशाळल्या की पुढच्या वर्षीपासून त्याच भोपळ्याच्या राखणदार झाल्या. गॅलरीतून लक्ष ठेवायच्या, पिशवी घेऊन कुंपणाजवळ कोणी गेलं की वरून हाक मारायच्या. पाटीचा मजकूरही त्यांचाच. मामाने फक्त ‘हुकमावरून’ वाढवलं, कारण त्याच्या मते त्याशिवाय सोसायटीत कोणी काही वाचत नाही.

त्याची दुसरी ओळख म्हणजे ‘हा कर’. माणूस भेटला की मामा आधी त्याच्या तोंडापुढे नाक न्यायचा आणि म्हणायचा, ‘हा कर.’ समोरच्याने तोंड उघडून श्वास सोडायचा. दारूचा वास आला नाही तर मामा खुशीत मान हलवायचा आणि मग रामराम. वास आला तर रामराम नाही. पाड्यावर हे सगळ्यांना सवयीचं झालेलं. सोसायटीत मात्र त्याने एका रविवारी दुपारी खुद्द चेअरमनना थांबवलं होतं. ते कढीपत्ता मागायला आले होते. ‘साहेब, हा करा.’ चेअरमननी काय समजून केला कोण जाणे, पण केला. मामाने कढीपत्ता दिला नाही. संध्याकाळी या म्हणाला. आणि गंमत म्हणजे ते संध्याकाळी आले, बडीशेप खाऊन.

हा माणूस जन्माचा सोवळा असता तर हे सगळं असह्य झालं असतं. पण मामा एके काळी असा प्यायचा की त्याच्या पिण्याला पाड्यावर मान होता. सकाळी ताडी, दुपारी मिळेल ते, संध्याकाळी मोहाची. आमच्याकडे ते वाईट मानत नाहीत. देवाला दारू लागते, पूर्वजांना लागते, लग्नाला लागते, आणि तारपा वाजवणाऱ्याला तर लोक प्रेमाने पाजतात. नाही म्हणणारा वारली कसला, असं माझा बापसुद्धा म्हणायचा.

तारप्याच्या नाचाचा एक नियम आहे. तारपा पुढे, नाचणारे मागे, एकमेकांच्या कमरेत हात गुंफून. तारपा जाईल तिकडे रांग जाणार, आणि तारप्याला कोणी पाठ दाखवायची नाही. एका वर्षी भाताची कापणी झाल्यावर खळ्यावर नाच सुरू होता, ऊन उतरत होतं, आणि मामाला चांगलीच चढली होती. त्याने खळ्याभोवती दोन फेऱ्या घेतल्या आणि तिसऱ्या फेरीला सरळ नाल्याकडे चालू लागला. लोकांना दिसत होतं. पण तारपा चाललाय म्हटल्यावर थांबायचं कसं? मामा वाजवत वाजवत नाल्यात उतरला आणि त्याच्या मागे चाळीस माणसं, म्हातारी, पोरी, सासुरवाशिणी, ओळीने चिखलात गेली. कोणी हात सोडला नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, मीही गेलेलो. मामा मात्र चिखलात बसूनही वाजवतच होता, तारपा डोक्यावर धरून.

पाडा कितीतरी दिवस हसत होता. मामा हसला नाही. त्या चिखलात त्याच्या आईचा हात मोडला होता. तो पुढे वाकडाच राहिला. तरी ती नाचायला यायची, वाकडा हात शेजारणीच्या कमरेत अडकवून. कोणी विचारलं तर म्हणायची, आता तर हा सुटतच नाही, बरा हाय. मामाने त्या दिवसानंतर दारू सोडली. विचारलं तर एवढंच सांगायचा, ‘मी पडलो तर मी एकटा पडत नाय ना.’ आणि तारप्यासमोर बसून त्याने एक बोली केली, सगळ्या पाड्यादेखत. ज्या हंगामात माझ्या जिभेला दारू लागेल, त्या हंगामात तुझ्यात फुंकर घालणार नाही.

खरी पंचाईत पुढे आली. कापणीनंतर कणसरीला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला, आणि घरच्या मेलेल्या माणसांना दारूचे थेंब जमिनीवर सोडतात, मगच तारपा तोंडाला लावायचा. मामाने त्या वर्षी किटली आणली. कोरा चहा, दुप्पट साखर. भगताने विचारलं, देव चहा पितो का? मामा म्हणाला, तू कधी विचारलंस का त्याला? वाद वाढला. शेवटी म्हाताऱ्यांनी तोडगा काढला की एक रेघ दारूची ओढा आणि एक चहाची. ज्याला जे हवं ते तो पिईल. दोन्ही रेघा ओढल्या. थोड्या वेळाने बघतात तर दारूची रेघ सुकलेली आणि चहाच्या रेघेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंग्या.

मामाने भगताला खांद्याला धरून तिथे उकिडवा बसवला. ‘बघ,’ म्हणाला, ‘म्हातारे कुठं हायत.’

तेव्हापासून आमच्या पाड्याचे पूर्वज चहावर आहेत. काही घरं अजून दोन्ही रेघा ओढतात, पण साखर सगळेच जास्त घालतात. मामा रोज आपल्या मेलेल्या बापाच्या नावाने बशीतला पहिला घोट जमिनीवर सोडायचा आणि त्याची तब्येत सांगायचा. आज बापाला आलं घातलेला पाहिजे. बाप आज गप्प हाय, कालचा पातळ झालेला.

आता माझं.

मी कचेरीत वारली असल्याचं कधी नाकारलं नाही. सांगितलंही नाही. गाव कुठलं विचारलं की ‘इथलेच, ठाण्याचे’ म्हणायचो, आणि ते खरंच होतं. आमच्या मजल्यावर भिंतीवर वारली चित्राची मोठी फ्रेम होती. मधे तारपावाला, भोवती नाच. एकदा मामा मला घरचा मध द्यायला कचेरीत आला आणि त्या फ्रेमसमोर उभा राहिला. बराच वेळ बघून मोठ्याने म्हणाला, ‘ह्या दोघी पाठ करून नाचतात. ह्यांना कोणी शिकवलं नाय?’ शेजारच्या टेबलावरच्यांनी मला विचारलं, कोण हे? मी म्हटलं, एका सोसायटीचे माळी आहेत. मामाने माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्याकडे बघून हसला. ‘हो, माळीच,’ म्हणाला, मध माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला. त्याने मला वाचवलं, असं वाटण्याऐवजी मला त्याचा राग आला. आजही तो राग मला नीट समजावून सांगता येत नाही.

मी तेव्हा रोज प्यायचो. कळवा स्टेशनबाहेर एक बार होता. तिथून घरी. बायको बोलून बोलून थकली होती. कापणीच्या नाचाला आम्ही सगळे पाड्यावर जायचो. एका वर्षी मामाने नाचापूर्वी ओळीने सगळ्यांना ‘हा’ करायला लावला आणि मला बाहेर काढलं. ओरडला नाही. फक्त हात धरून खळ्याच्या कडेला नेऊन उभं केलं. माझी बायको आणि मुलगी आत नाचत होत्या. रांग माझ्यासमोरून जायची तेव्हा मुलगी दुसरीकडे बघायची.

पुढच्या वर्षी मी रमची क्वार्टर खिशात घालून गेलो. दुपारची वेळ होती. मामा तारप्याचं मेण शेकत बसला होता. त्याचा स्टीलचा पेला किटलीशेजारी. कोऱ्या चहाचा आणि रमचा रंग एकच. मी अर्धा पेला रम ओतली, वर चहा ओतला आणि स्वतः नेऊन त्याच्या हातात दिला. गंमत म्हणून केलं, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं आहे. बोली मला माहीत होती. मला तो पडलेला हवा होता. खळ्याच्या कडेला मला एकट्याला उभं राहायचं नव्हतं.

त्या दिवशी वाऱ्यावर मेणाचा आणि शेकोटीचा वास होता, की त्याचा माझ्यावर विश्वास होता, माहीत नाही. मामाने वास घेतला नाही. मोठा घोट घेतला आणि थांबला.

तारपा अखंड वाजतो. तोंडाने फुंकत असताना नाकाने श्वास घ्यायचा आणि गालात हवेचा साठा धरून ठेवायचा, ही त्याची विद्या. मामाचे गाल म्हणजे दोन थैल्या होत्या. त्याने तो घोट गालात धरला. गिळला नाही, थुंकलाही नाही. तसाच गाल फुगवून उठला. लोकांना वाटलं वाजवायची तयारी करतोय, पोरींनी रांग धरली. तो चिंचेखाली गेला, पाठमोरा वाकला, जमिनीवर सगळं सोडलं, पाण्याने चार वेळा चूळ भरली. परत आला, तारपा उचलला, बोटाने भोपळा वाजवून बघितला आणि सगळ्यांना सांगितलं, ‘भोपळ्याला चीर गेली. यंदा वाजणार नाय.’

चीर नव्हती. ते त्याला माहीत होतं आणि मला.

त्या हंगामात आमच्या पाड्यावर तारपा वाजला नाही. कोणीतरी स्पीकर आणला, मोबाइलवरची गाणी लावली. पोरी थोडा वेळ नाचल्या, पण स्पीकर जागचा हलत नाही, त्याच्यामागे जायचं कुठे? मामाची मुलगी मंगला हिचं त्या हिवाळ्यात कळव्यापुढच्या दिव्याला लग्न झालं. माहेरचा तिचा शेवटचा नाच तसाच गेला. लोक दुसरा भोपळा लाव म्हणाले, मामा हसून टाळायचा. काहींनी कुजबुज केली की म्हातारा पुन्हा चालू झाला असणार. तो कोणाला काही बोलला नाही. मलाही नाही.

त्याच्या त्या गप्प राहण्याने माझी दारू सुटली, असं एका वाक्यात लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तीनदा सोडली, दोनदा धरली. तिसऱ्यांदा मी कचेरी सुटल्यावर बस पकडून त्या टॉवरच्या मागे गेलो आणि मामासमोर उभा राहून न सांगता ‘हा’ केला. त्याने नाक पुढे आणलं, वास घेतला, मान हलवली आणि पाण्याची नळी माझ्या हातात दिली. मग मी रोज जाऊ लागलो. आठ महिने. वॉचमनला वाटायचं मामा दातांचं काहीतरी बघतो. एकदा त्यानेही येऊन आपली दाढ दाखवली.

एक दिवस मी सुरुवात केली. ‘मामा, त्या दिवशी चहात...’

त्याने मेण मळणं थांबवलं नाही. ‘मला काय सांगतोस? माझ्याच गालात होती ती. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग.’

मी म्हटलं, सांगतो.

त्यानंतर त्याने मला तारपा शिकवायला घेतला. आधी तारपा नाही, पपईच्या पानाचा पोकळ देठ. तो पाण्यात बुडवून फुंकायचा, आणि बुडबुडे थांबता कामा नयेत. मी कळव्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये बसून रोज बुडबुडे काढायचो. खालच्या मजल्यावरचे दोनदा प्लंबर घेऊन आले. बायको दारात उभी राहून बघायची. एवढी वर्षं हा माणूस एवढा वेळ कुठेच शांत बसलेला नाही, म्हणाली. बुडबुडे सलग यायला अकरा महिने लागले. ज्या दिवशी आले त्या दिवशी मामाने सहाव्या मजल्यावरच्या ताईंना खाली बोलावून बादलीतले बुडबुडे दाखवले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मधूनमधून मामा विचारायचा, ‘सांगितलंस?’ मी म्हणायचो, या हंगामात सांगतो. तो पुढची तीन वर्षं वाजवत होता, नाच होत होता, सगळे खूश होते, आणि मला वाटायचं आता उगाच कशाला. मग त्याने विचारणं सोडलं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो गेला. ताप आला आणि चार दिवसांत गेला. शेवटचा तारपा तो माझ्यासाठी बांधून ठेवून गेला होता.

पहिल्या वर्षी दुःख होतं, तारपा वाजला नाही. गेल्या कापणीला मामीने निरोप पाठवला की तू वाजव. खळं सारवलं होतं. मंगला दिव्याहून दोन पोरांना घेऊन आली होती. दुपार कलली होती. मामी पूर्वजांसाठी रेघा ओढायला बसली. आधी चहा सोडला. मग पदराआडून एक छोटी बाटली काढली आणि मामाच्या नावाने मोहाचे चार थेंब वेगळे सोडले.

मी विचारलं, मामी, त्याला हे का?

मामी खाली बघूनच बोलली. ‘त्या चिरेच्या वर्षी मी भोपळा बघितलेला. चीर नव्हती. मग समजले. लपून घेतली असंल त्यानं. मी कधी बोलले नाय त्याला. पण जीव जात असंल त्याचा, म्हणून सोडते थोडी.’

म्हणजे ज्यांना ठाऊक नव्हतं ती ही होती. इतकी वर्षं एका चुलीपाशी बसून ती त्याला मनातल्या मनात माफ करत होती, न केलेल्या गोष्टीसाठी. आणि त्याला ते कळत असणार. त्याला लोकांच्या तोंडाचा वास कळायचा, बायकोच्या मनातलं कळलं नसेल?

मी तारपा खाली ठेवला आणि सांगितलं. सगळ्यांसमोर. रम, पेला, गाल, चिंच. खिशात क्वार्टर घालून का गेलेलो तेही. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

भगताने खाकरून घसा साफ केला. मंगला माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर प्रेमाची नव्हती.

मामीने चिंचेकडे बघितलं. ‘इथं?’

मी म्हटलं, इथेच.

ती उठली, चिंचेपाशी गेली आणि पायाने ती जागा चाचपत राहिली. मग तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. ‘गाल फुगवून चाललेला,’ ती म्हणाली. ‘मी बघितलेला त्याला. मला वाटलं, आज लय जोरात वाजवणार.’ मग तिने ती बाटली उचलली आणि लांब, नाल्याकडे, रिकामी केली. आणि मंगलाला हाक मारली. ‘किटली आण. साखर घाल अजून. दोन वर्षं त्याला कडू पाजते मी.’

मंगलाने किटली आणली, चहाची लांब रेघ सोडली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘माझा त्या वर्षीचा नाच राहिलाय,’ म्हणाली. ‘दोनदा वाजवायचा. मधे बसायचं नाय.’

मी हो म्हटलं. तारपा उचलला. लोक एकमेकांच्या कमरेत हात घालू लागले, माझी बायको, माझी मुलगी, मंगला सगळ्यांच्या पुढे. तोंडाला लावणार तेवढ्यात मामी आडवी आली. ती माझ्याहून वीतभर बुटकी. टाचा उंचावून तिने नाक माझ्या तोंडाजवळ आणलं.

‘हा कर.’

मी केला. तिने सावकाश वास घेतला, मामा घ्यायचा त्याहूनही सावकाश, आणि बाजूला झाली.

मागे माणसं उभी राहिली होती. मी आधी नाला कुठे आहे ते बघून घेतलं, मग गालात श्वास भरला.